न विझणारा कंदील

कंदील पेटलेला होता, आणि त्याच्या शेजारी भरमूकाका निपचित पडला होता. हे कसं शक्य आहे, तेच मला कळेना.

आमच्याकडे सांगलीजवळ हळद पेवात ठेवायची पद्धत आहे. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. त्याचं पोट खोलीएवढं, पण तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढंच. २०४१ साल उजाडलं, शेतावर ड्रोन फिरू लागले, तरी आमचं पंचवीस फूट खोल पेव अजून वापरात होतं. पेव उघडलं की आधी दोराने कंदील आत सोडायचा, ही पणजोबांपासूनची रीत. विझला तर थांबायचं, पेटता राहिला तर उतरायचं.

त्या सकाळी त्रिशलाआत्या पुण्याहून आली होती. ती वायूंचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. तिने मांजराएवढा, सहा पायांचा रोबो बनवला होता. बिळात शिरतो म्हणून त्याचं नाव मुंगूस. "हा चार्ज होईपर्यंत कुणी उतरू नका," असं बजावून ती घरात गेली. पण आमच्या घरातल्या पुरुषांना थांबा म्हटलं की त्यांचे पाय जास्तच शिवशिवतात.

"कंदील लख्ख पेटलाय की. आणि काय बघायचं?" काका म्हणाला. त्याने अंगात पट्टा घातला, पण पट्ट्याला अडकवायचा दोर "पायात येतोय" म्हणून काढून ठेवला आणि शिडीवरून उतरला. थोड्या वेळाने बाबांनी हाक मारली. उत्तर आलं नाही.

"भरमू! आरं भरमू!"

बाबांनी वाकून पाहिलं आणि लगेच शिडीवर पाय टाकला. मी आत्याच्या नावाने किंचाळले. ती मुंगसाला काखोटीला मारून धावत आली.

"दादा, वर ये."

"माझा भाऊ हाय आत."

"माझाबी हाय." आत्या पुण्याची भाषा विसरली होती. "तू उतरलास तर तूबी पडशील. मग मी दोघांना कशी काढू?"

बाबा ऐकेनात. मी त्यांची बाही दोन्ही हातांनी धरली आणि जमिनीवर फतकल मारली. ते मला झिडकारत होते, मी रडत होते, पण बाही सोडली नाही. तेवढ्यात आत्याने पोती वर ओढायच्या कप्पीचा दोर मुंगसाला बांधून त्याला आत सोडलं होतं. "सन्मती, आकडे मोठ्याने वाच," ती म्हणाली. मुंगसाच्या पोटात संवेदक (हवेतले वायू ओळखून मोजणारा भाग) होता. त्याने मोजलेले आकडे तिच्या हातातल्या पडद्यावर उमटत होते.

"तोंडाशी ऑक्सिजन वीस," मी वाचलं. "मधे सोळा. तळाला... अकरा."

"आपल्या नेहमीच्या हवेत शंभर भागांत एकवीस भाग ऑक्सिजन असतो, दादा. अकरात माणूस उभा राहत नाही."

बाबांचा पाय शिडीवरच थांबला. मग ते वर आले.

"धान्य उफणायचा पंखा आण. त्याला लांब पाइप लावून ताजी हवा तळाला सोड," आत्याने सांगितलं. बाबांनी धावत जाऊन पंखा आणला आणि लावला. मी फोन करून रुग्णवाहिका बोलावली. खाली मुंगूस दोराच्या टोकाचा लोखंडी आकडा काकाच्या पट्ट्याच्या कडीत अडकवू पाहत होता. एकदा निसटला. दुसऱ्यांदा निसटला. मी देवाचं नाव घ्यायलाही विसरले होते. तिसऱ्यांदा खटकन आवाज आला, आणि आम्ही तिघांनी दोर ओढला.

काकाचे ओठ निळसर पडले होते. आत्याने त्याच्या तोंडात श्वास फुंकला, पुन्हा फुंकला. मी मोजत होते. सातव्या श्वासाला काका खोकला, आणि बाबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आत्याला विचारलं, "पण कंदील का विझला नाही?"

तिने पिशवीतून कंदील काढून माझ्या हातात दिला. "काच धरून बघ."

काच गार होती. आत ज्योत नव्हती, बॅटरीवरचा दिवा होता.

"ज्योतीला जळायला ऑक्सिजन लागतो," आत्या म्हणाली. "म्हणून आजोबांचा कंदील वाईट हवेत विझायचा. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा आपण हा आणला. रीत राहिली, तिचं कारण गेलं. हा तर पाण्यातसुद्धा पेटता राहील."

"आणि पेवातला ऑक्सिजन गेला कुठे?"

"हळदीवर बारीक बुरशी असते. ती श्वास घेते, ऑक्सिजन वापरते आणि कार्बन डायऑक्साइड (आपण उच्छ्वासातून सोडतो तो वायू) सोडते. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाला साठतो. तोंड लहान असल्यामुळे ताजी हवा आत शिरत नाही. टाकी, गटार, जुनी विहीर, सगळीकडे हाच धोका."

"मग परत रॉकेलचा कंदील आणू या?"

"नको. गटारात पेट घेणारे वायू असतात, तिथे ज्योत नेली तर भडका उडेल. मोजायचंच. वर, मधे आणि तळाला." मग ती हळूच म्हणाली, "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात ना? अशा जागी उलटं होतं. एक पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. आज तू बाही सोडली असतीस तर..." मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली.

पुढच्या हंगामात आत्याने दहा नवे मुंगूस बनवले. त्यातले दोन शहरातल्या गटारांसाठी गेले, आणि आणखी मागण्या येतच आहेत.

आम्ही पुन्हा पेव उघडलं, तेव्हा पंखा सकाळपासून चालू होता. काकाने पट्ट्याला दोर स्वतःच्या हाताने अडकवला, दोनदा ओढून पाहिला. बाबा दोराचं दुसरं टोक धरून पेवाच्या तोंडाशी बसले. आईने चहा आणला, तो तसाच गार झाला.

"आकडा किती?" बाबांनी विचारलं.

"तिन्हीकडे एकवीस," मी ओट्यावरून मुंगसाचा पडदा बघत म्हणाले.

"परत मोज."

मी परत मोजलं.