बेटावरचं कालवण

"काहील मी वल्हवणार!" गेनू ओरडला.

"तू गप बस! वल्हं तुझ्यापेक्षा लांब हाय," जोतीराम म्हणाला.

"मग मी पुढं बसणार!"

"काहिलीला पुढं आन् मागं नसतं रं येड्या, ती गोल असती!" हौसा खदखदून हसली.

जळोचीची ही तीन भावंडं. जोतीराम तेरा वर्षांचा, हौसा अकराची आणि गेनू जेमतेम सहाचा, पण भूक मात्र सोळाची! उन्हाळ्याच्या सुट्टीत ती डाळजला मामाकडे आली होती, आणि आल्यापासून त्यांच्या तोंडी एकच विषय होता. हिंदुरावांचं बेटावरचं हॉटेल!

मे महिन्यात भीमेचं पाणी ओसरलं की नदीच्या मधोमध वाळूचं बेट उघडं पडायचं. त्यावर करंजाची चार जुनी झाडं होती. हिंदुरावांनी यंदा तिथं मांडव घातला, चटया अंथरल्या आणि खानावळ थाटली. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या मोटारी मुद्दाम थांबायला लागल्या. माणसं गूळ करायच्या लोखंडी काहिलीत बसून पलीकडे जायची. समोर पाण्यात सूर्य बुडतोय, गार वारा सुटलाय आणि पत्रावळीवर गरम भाकरी अन् चिंच घातलेलं माशाचं कालवण! जळोचीत ही ऐट कुठली?

आज मामा तिघांनाही तिथं जेवायला नेणार होता. "आज मी एकटा जाऊन चव घिऊन येतो, उद्या तुमाला नेतो," असं म्हणून तो आदल्या संध्याकाळी गेला होता.

पण आत घरातून मामाच्या ओकारीचा आवाज आला आणि तिघांचंही हसू मावळलं. पहाटेपासून हे असंच चाललं होतं. मामाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. धिप्पाड गडी, पण त्याला उठून बसता येईना.

"आसरांचा कोप हाय ह्यो," मामी पदराने डोळे पुसत म्हणाली. "डोहाच्या कडंला साती आसरांचं, पान्यातल्या देवींचं ठाणं. तितं मासं शिजवून खायाचं म्हंजे काय! गेल्या आठवड्यात मोटारीतली माणसं आजारी पडली, आता ह्यांची पाळी. कुणी बेटाचं नाव काढलं तर बघा!"

तेवढ्यात दारात छबू दिसली. शेजारची छबू एरवी बडबडी, पण आज तिचे डोळे रडून लाल झाले होते. तिला आईबाप नव्हते. आत्या ठमाबाई हीच तिचं सगळं. आणि हिंदुरावांच्या हॉटेलाचं कालवण करायची ती ठमाबाईच!

"हिंदुराव आत्तीला म्हनत्यात, तूच कायतरी घालतीस," छबू हुंदके देत म्हणाली. "आज काटेवाडीचं आबासाहेब येनार हायत, हिंदुरावांची पोरगी त्यांच्या घरात द्यायची हाय. आज कुणाला काय झालं, तर उद्या आत्तीनं गाव सोडायचा! चेटकीन म्हनत्यात तिला! आमी कुठं जायाचं गं हौसे?"

हौसाने छबूचा हात घट्ट धरला.

"छबे, आत्ती कालवण कुठं शिजवती?"

"हितंच, काठावर. आमच्या चुलीवर, मडक्यात. दुपारच्याला हिंदुरावांचा गडी काहिलीतून पलीकडं नेतो. बायकांनी बेटावर यायचं न्हाय म्हनत्यात, आसरा रागावत्यात."

"आन् तुमी ते खाता का?"

"रोज! मडक्याला राहिलेलं आमीच पुसून खातो."

"तुमाला काय होतं?"

"काय बी न्हाय!"

जोतीराम आणि हौसाने एकमेकांकडे पाहिलं.

"म्हंजे हितं चांगलं असतं आन् तितं इख होतं," जोतीराम हळूच म्हणाला. "एकतर आसरा, न्हायतर कोनतरी मानूस!"

"दोन्हीतलं कोन, ते बघायला पायजे," हौसा म्हणाली.

भर दुपारी, सगळं गाव दारं लावून झोपलं असताना, चौघं नदीवर आली. चौघं, कारण गेनूला मागे ठेवलं तर तो भोकाड पसरून गाव जागं करणार! मामाची जुनी काहील बाभळीखाली पालथी पडली होती. ती त्यांनी पाण्यात लोटली.

उथळ पाणी बरं होतं. पण मधे डोह होता, काळाशार. तिथं वल्हं तळाला टेकेना आणि काहील गरागरा फिरायला लागली! गेनूने हौसाच्या कमरेला मिठी मारली. छबू डोळे मिटून आसरांना हात जोडत होती. "आयांनो, आमी काय चोरायला न्हाय आलो! माझ्या आत्तीसाठनं आलोय!"

"रडू नगा, हलू नगा!" जोतीराम दात खाऊन वल्हं मारत होता. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. एकदाची काहील फिरायची थांबली आणि वाळूला लागली.

काहील त्यांनी झुडपात लपवली. करंजाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेले सात धोंडे होते. पुढ्यात हिरव्या बांगड्या आणि सुकलेलं हळदकुंकू. तिथून मांडव स्पष्ट दिसत होता, म्हणून लपायलाही तीच जागा! जोतीराम, हौसा, छबू, गेनू अशी चौघं धोंड्यांमागे पोटावर आडवी झाली.

आणि मग तो आवाज आला.

खर्र... खर्र... खर्र...

"बांगड्या वाजत्यात," छबू पुटपुटली. "आसरा आल्या!"

गेनूने तोंडात मूठ कोंबली. पण जोतीराम थोरला. त्याने हळूच मान वर काढली. बघतो तर काय, मांडवामागे हिंदुरावांचा गडी उकिडवा बसून एक भलंमोठं पितळी पातेलं घासत होता! ओंजळभर ओली वाळू घ्यायची, वर चिंचेचा कोळ, आणि खर्र खर्र! शेजारी स्वतः हिंदुराव मिशीला पीळ देत उभे होते.

"घास! आजून घास! आतनं बी सोन्यावानी दिसलं पायजे. काटेवाडीच्या पाव्हण्यांनी म्हनलं पायजे, वा रं हॉटेल!"

"भांडी घासत्यात व्हय," जोतीरामने सुस्कारा टाकला. "मी म्हनलं काय की!"

गडी गेला, काठावरून कालवणाची मडकी घेऊन आला आणि त्याने सगळं कालवण त्या लखलखीत पातेल्यात ओतलं. वर झाकण ठेवलं. मग कुणी आलं नाही की गेलं नाही. कुणी काही टाकलं नाही. ऊन कलत गेलं. चौघांच्या नजरा पातेल्यावर खिळल्या होत्या, आणि जसजशा सावल्या लांबत गेल्या तसतशी त्यांची भीती वाढत गेली. कारण माणूस कुणी दिसत नव्हता. मग राहिलं कोण? छबू धोंड्यांकडे पाठ करायलाही तयार नव्हती.

सूर्य पाण्याला टेकला तसे पाहुणे आले. आबासाहेब, चार-पाच मंडळी आणि आबासाहेबांच्या आई प्रयागबाई. आसरा रागावतील म्हणून बायकांना बंदी होती खरी, पण होणाऱ्या व्याह्याच्या आईला अडवायची हिंदुरावांची काय टाप! म्हातारी काठी टेकत आली आणि थेट चटईवर बसली.

"बसा, बसा! ह्ये बघा आमचं बेट!" हिंदुरावांचा आवाज मधासारखा गोड झाला होता. "आजपतुर मोठमोठी माणसं जेवून गेली!"

"तुमी न्हाय बसत?" आबासाहेबांनी विचारलं.

"माझा डबा घरनं येतो. मला तिखट सोसत न्हाय."

गड्याने गॅसबत्ती लावली आणि झाकण काढलं. बत्तीचा उजेड पातेल्याच्या आतल्या काठावर पडला. पिवळाधमक! हौसा एकदम ताठ झाली.

"जोत्या, आपल्या घरातलं पातेलं आतनं कसं असतं रं?"

"ह्ये काय इचारायची येळ हाय? पांढरं असतं. कल्हईचं."

"आन् ह्ये?"

जोतीरामचा आ वासला तो वासलाच.

"त्यांनी वाळूनं घासून कल्हईच काढून टाकलीया!" हौसा कुजबुजली. "दिवाळीच्या आधी मी बिनकल्हईच्या पातेल्यात ताक ठिवलं हुतं, आठवतं? आईनं हाणलं मला! हिरवं झालं हुतं, सगळं ओतून दिलं तिनं. आंबट कळकतं, इख होतं म्हनली! आन् ह्या कालवणात तर चिंच हाय. दुपारधरनं त्यातच पडलंय!"

"म्हंजे आत्तीनं काय बी केलं न्हाय!" छबूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गेनू कुठाय?" जोतीरामने एकदम विचारलं.

गेनूची जागा रिकामी होती.

भाकरीचा वास काय सोडतो होय त्याला! तो रांगत रांगत गेला होता आणि पंगतीत प्रयागबाईंच्या शेजारी शहाण्यासारखा मांडी घालून बसला होता. प्रत्येकाला वाटलं, हा दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा. त्याच्यापुढे पत्रावळ होती. द्रोणात कालवण पडलं होतं. आणि त्याने द्रोण दोन्ही हातांनी उचलला!

"गेन्या! न्हाय! पिऊ नगंस!"

जोतीराम वाऱ्यासारखा धावला. द्रोण ओठाला लागला होता, तोच त्याने फटका मारून तो उडवला. गेनूने गळा काढला. पंगतीत एकच गोंधळ उडाला.

"कोन रं तू कार्टं?" हिंदुरावांनी जोतीरामचा कान पिरगाळला.

"खाऊ नगा कुणी!" छबू धावत येऊन ओरडली. "त्यात इख झालंय!"

झालं! हिंदुरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे लकाकले.

"ऐकलंत आबासाहेब? ही ठमीची भाची! हिला बरं ठावं, आत इख हाय ते! आत्तीनंच घातलं, आन् ही घाबरून कबूल झाली!"

छबू जागच्या जागी गोठली. आत्याला वाचवायला आली आणि तिनेच आत्याच्या गळ्यात फास अडकवला! "न्हाय, तसं न्हाय," एवढंच ती म्हणत राहिली. पण कोण ऐकतंय? आबासाहेब उठून उभे राहिले होते. हिंदुराव तावातावाने बोलत होते.

हौसा पातेल्याकडे धावली. ह्या पुरुषांना सांगून काय उपयोग? जन्मात कधी भांडं घासलं असतं तर कळलं असतं!

"छबे, पातेलं!" ती ओरडली. "पालथं कर!"

अन्न सांडणं म्हणजे केवढं पाप, हे दोघींनाही माहीत होतं. तरी दोघींनी काठाला हात घातले, डोळे मिटले आणि सगळा जोर लावला. पातेलं कलंडलं. अख्खं कालवण वाळूत गेलं!

हिंदुरावांनी छबूवर हात उगारला.

"थांब!" प्रयागबाईंची काठी आडवी आली. "ते भांडं हिकडं कर."

"आवो आजी, ह्या पोरींनी..."

"भांडं, म्हनलं!"

गड्याने पातेलं पुढे आणलं. म्हातारीने बत्तीच्या उजेडात आत वाकून पाहिलं. जिथवर कालवण होतं तिथं कडेने हिरवट रेघ उठली होती. तिने बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि थू करून थुंकली.

"कल्हई कुठाय ह्याची?"

"कल्हई?" हिंदुरावांनी छाती फुगवली. "रोज वाळूनं घासून घेतो! बघा की, आतनं बी सोन्यावानी!"

"सोन्यावानी!" म्हातारीने कपाळावर हात मारला. "आरं मुडद्या, सोन्यावानी दिसतंय म्हनूनच तर मानसं मरायला लागली! कल्हई गेलेल्या पितळेत चिंच कुनी ठिवतं व्हय? बायकांना हितं येऊ देत न्हाईस. एक जरी बाई आली असती, तर पैल्याच दिवशी तुझ्या कानाखाली वाजवली असती!"

हिंदुरावांच्या मिश्या खाली आल्या. ते जोतीरामचा कान सोडायचंही विसरले होते, तो त्यांनी आता सोडला.

"आन् ही चिमुरडी?" म्हातारीने छबूला जवळ ओढलं. "ही आत्तीसाठनं जिवावर उदार झाली. आसरांच्या धोंड्यामागनं धावत आली! तुमच्यात हाय का कुनाची छाती?"

आबासाहेबांनी हौसाच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आज तुमी आमचा जीव वाचवला. तुजी बी शाबास रं गड्या," ते कान चोळणाऱ्या जोतीरामला म्हणाले.

"आता जा," प्रयागबाईंनी हिंदुरावांना फर्मावलं. "त्या ठमाबाईला मानानं घिऊन ये. तू सोता जा. आन् मडकं आन, पितळेला हात लावू नगंस. पातेलं उद्या इंदापूरला कल्हईवाल्याकडं धाडायचं."

हिंदुराव काहिलीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा वल्हं हातात धरलेलं! डोहात काहील अशी गरगरली की मालकांनी आसरांच्या नावाने मोठ्याने बोंब ठोकली. बेटाच्या काठावर मुलं हसून हसून लोळली. दुपारी आपलीही तीच गत झाली होती, हे ती पार विसरली.

आता काय ऐकायला लागणार, ह्याच भीतीने ठमाबाई आली. तिने बेटावरच चूल मांडली, मडक्यात कालवण रटरटलं. पत्रावळी पुन्हा पडल्या. तिने पहिला द्रोण प्रयागबाईंपुढे धरला.

"आधी तू," म्हातारी म्हणाली.

"मी? पाव्हण्यांच्या आधी?"

"व्हय. समद्यांच्या देखत खा. आजपासनं तुझ्या हाताला कुनी नाव ठिवायचं न्हाय."

ठमाबाई खाली बसली. तिने भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं, ते तिने पुसलंसुद्धा नाही. छबू तिच्या मांडीला चिकटून बसली होती.

"आत्ती, तिखट झालंय का गं?"

"न्हाय गं बाय," ठमाबाई म्हणाली. "चांगलं झालंय."

"मग मला वाढा की!" गेनू ओरडला.