हळदीचा कागद आणि दोन किलो सोडा

आधीच्या तीन दुकानांत लिंबूसत्व मिळालं असतं, तर माधवी त्या चौथ्या दुकानाची पायरी चढलीच नसती. आरमोरीत येऊन तिला आठ महिने झाले होते, पण बस स्टँडमागची ही गल्ली तिनं पाहिली नव्हती. फेब्रुवारी संपत आला होता. गल्लीच्या तोंडाशी पळस फुलला होता आणि त्याची फुलं रस्त्यावर पडून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांखाली रंग सोडत होती.

दुकानदार तिच्याच वयाचा होता. उंच, सावळा. तो गिऱ्हाइकाकडे पाहत नव्हता, तराजूकडे पाहत होता. काटा स्थिर झाला की पुडी, पुडी झाली की दोरा... आणि नजर पुन्हा काट्यावर.

तिनं अर्धा किलो लिंबूसत्व मागितलं.

"एवढं कायले पाहिजे, मॅडम?" त्यानं पुडीला दोरा गुंडाळत विचारलं. "सोडावॉटरची गाडी लावून राह्यल्या का?"

"मी मॅडम आहे हे कसं कळलं?"

"बोटाले खडू लागून आहे."

माधवीनं हात मागे घेतला. म्हणजे तो पाहत होता तर – चेहरा तेवढा सोडून.

तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. ती शाळेत विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी एका मुलानं साधं पाणी समजून क्षाराचं द्रावण हाताळलं आणि त्याचा हात भाजला, तेव्हापासून तिथल्या प्रयोगशाळेला कुलूप आहे. सहा महिने मागे लागल्यावर मुख्याध्यापकांनी तिला एक तास दिलाय, पुढच्या गुरुवारचा. ते स्वतः किल्ली घेऊन बसणार. तास नीट पार पडला तर प्रयोगशाळा कायमची उघडी. काही चुकलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तिनं निवडला होता पाण्यात टाकताच फसफसणारा गोळा. शहरातले लोक आंघोळीच्या टबात टाकतात तो. सूचनेच्या कागदावर तिनं 'बाथ बॉम्ब' लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी लाल पेनानं 'बॉम्ब' खोडला.

"इथी टब कोणाकडे आहे?" तो म्हणाला.

"म्हणून पायांसाठी करणार आहोत. घमेल्यात कोमट पाणी, त्यात गोळा. धानाच्या रोवणीच्या चिखलात उभं राहून ज्यांच्या टाचा फुटल्यात त्यांच्यासाठी. मुलं आपापल्या आयांसाठी घरी नेतील."

दुकानामागच्या घराच्या दाराशी त्याच्या आईच्या चपला होत्या. त्यांच्याकडे पाहत तो म्हणाला, "काम चांगलं आहे."

त्याचं नाव राजदीप. हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं, मक्याचं पीठ आणायला गेली तेव्हा. तिसऱ्या दिवशी ती खोबरेल तेल आणायला गेली. तिन्ही गोष्टी एकाच वेळी आणता आल्या असत्या हे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ठमाबाईंच्या लगेच लक्षात आलं. त्या चुलीपुढून म्हणाल्या, "बाई, मीठ कधी आणता? मीठ राह्यलं वाटते तुमचं."

घरी आणलेली प्रत्येक वस्तू माधवी तपासत असे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या तिच्या पर्समध्ये कायम असायच्या. साधी वस्तू असेल तर पट्टी पिवळी राहते, खाण्याच्या सोड्यानं किंचित काळवंडते, आणि अंग भाजणारा क्षार असेल तर लालभडक होते. राजदीपकडची प्रत्येक वस्तू या परीक्षेत उतरली. त्याला तिनं हे सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. एक पट्टी मागून घेतली आणि गल्ल्याच्या काचेखाली ठेवून दिली.

रविवारी तिनं घरी तीन गोळे करून पाहिले. रात्री वैनगंगेवरून धुकं आलं. सोमवारी सकाळी गोळे फुगून तडकले होते, जणू रात्रभर कोणी त्यांना हळूहळू पाणी पाजलं होतं. ती तशीच दुकानात गेली. राजदीपनं तुकडा चिमटीत धरून पाहिला, आत गेला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात बोटभर तांदूळ होते.

"आई लग्नातल्या साड्या अशाच ठेवते. तांदूळ ओल पिते." मग थांबून म्हणाला, "ओलं असताना झाकण लावायचं का नाई?"

"नाही. आत वायू तयार होतो, झाकण उडेल. आधी पूर्ण वाळू द्यायचे."

"मग तुम्ही सांगा कधी ठेवायचे. डबा तुमचाच."

तो डबा मांडीवर घेऊन ती ऑटोत बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटल्यासारखा दिसत होता. ज्या माणसानं आपल्याकडे धड एकदाही पाहिलं नाही, त्याच्या डब्यातले तांदूळ खळखळताना ऐकून आपल्याला हसू का येतंय, हे तिला कळेना.

बुधवारी ती शेवटची वस्तू आणायला गेली. दोन किलो खाण्याचा सोडा. येताना पळसाखालून आली होती. राजदीपनं डब्यात माप घातलं, आणि का कोण जाणे, मान वर केली. तिच्या केसांत एक केशरी पाकळी अडकली होती. तो पाहतच राहिला. तिनं नजर खाली केली नाही... दोघांच्या मध्ये तराजूचा काटा डुलत होता आणि त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"उद्या," ती म्हणाली.

"उद्या," तो म्हणाला.

पुडी घेऊन ती घरी आली. त्या दिवशी तिनं ती उघडली नाही.

गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेचं कुलूप निघालं. आठवीची बत्तीस मुलं चष्मे आणि हातमोजे घालून ओळीनं उभी राहिली. मागच्या बाकावर मुख्याध्यापक किल्ली हातात घेऊन बसले. माधवीनं फळ्यावर नियम लिहिले. पहिला होता : आधी तपासा, मग मिसळा. प्रमाण लिहिलं : सोडा दोन वाट्या, लिंबूसत्व एक, मक्याचं पीठ एक. पाणी फवाऱ्यानं, थेंब-थेंब. रंगासाठी वाळवलेल्या पळसाच्या फुलांची पूड. तिनं सोड्याच्या पुडीचा दोरा सोडला आणि पुढच्या ओळीतल्या दिव्यानीच्या हातात वाटी दिली.

"मॅडम, थांबा."

राजदीप दारात उभा होता. कपाळावर घाम, हातात दुसरी पुडी. शाळा दुकानापासून दीड किलोमीटर होती आणि तो पळत आला होता हे त्याच्या श्वासावरून कळत होतं.

"तो सोडा चुकला," तो म्हणाला. "कपडे धुवायचा आहे तो. सकाळी डबे भरताना ध्यानात आलं. चूक माझी आहे. हा घ्या, खायचा."

मुख्याध्यापक उठून उभे राहिले. माधवीच्या डोळ्यांसमोर टाचांच्या भेगा आल्या, त्यात उतरलेला धुण्याचा सोडा, बत्तीस घरं. मग तिनं दिव्यानीच्या हातातली वाटी काढून घेतली आणि पर्समधून दोन पट्ट्या काढल्या.

दोन्ही पुड्यांमधली चिमूट-चिमूट पावडर तिनं पाण्यात विरघळवली. मुलं जवळ आली. राजदीपनं आणलेल्या पुडीनं पट्टी जराशी काळवंडली. कालच्या पुडीनं ती क्षणात लाल झाली, कुंकवासारखी.

"ही वापरली असती तर पाय भाजले असते," ती म्हणाली. "दुकानात चूक झाली, ती त्यांनी येऊन सांगितली. पण पहिला नियम माझा आहे आणि तो मी मोडला. आठवडाभर सगळं तपासलं, ही एकच पुडी तपासली नाही. ही चूक माझी."

हे बोलताना ती मुख्याध्यापकांकडे पाहत होती. ते पुढे आले, लाल पट्टी उचलून उजेडात धरली.

"दोन वर्षांपूर्वी अशी पट्टी असती..." ते म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. "तास सुरू करा. आधी सगळं पुन्हा तपासा."

मुलांनी लिंबूसत्वापासून पळसाच्या पुडीपर्यंत सगळं तपासलं. मग गोळे वळले गेले, पस्तीस. एकाही मुलाच्या हातावर खाज आली नाही.

शनिवारी वाळलेले गोळे घरोघरी गेले. शाळा सुटल्यावर खिचडीच्या शेडमध्ये ठमाबाई पहिला गोळा घेऊन बसल्या. घमेल्यातल्या कोमट पाण्यात तो टाकताच पाणी फसफसू लागलं, हळूहळू केशरी झालं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. माधवी तांदळाचा डबा परत द्यायला फाटकाशी आली. राजदीप तिथं आधीच उभा होता. डबा घ्यायची त्याला काही घाई दिसत नव्हती.

"अकरा वर्षं दुकान चालवताय," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत असं कधी चुकलात?"

"नाई."

"मग बुधवारी काऊन चुकले?"

'का'साठीचा हा घरचा शब्द तिच्या तोंडून कसा निघाला, तिलाच कळलं नाही. नागभीडचं घर सुटल्यापासून तिनं शाळेच्या आवारात असं कधी बोलल्याचं आठवत नव्हतं. राजदीप हसला, मग गंभीर झाला. आता त्याच्यापुढे तराजू नव्हता. नजर ठेवायला दुसरी जागा नव्हती.

"तुमच्याकडे पाहून राह्यलो होतो," तो म्हणाला. "हात कोणत्या डब्यात गेला, मले समजलंच नाई."

फाटकाजवळच्या पळसाचं एक फूल दोघांच्या मध्ये पडलं. शेडमधून पाणी फसफसण्याचा बारीक आवाज येत होता.

"आणि तुम्ही?" त्यानं विचारलं. "सगळं तपासता. ती पुडी काऊन नाई तपासली?"

माधवीनं डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. नखाशी अजून हळद होती.

"तुमच्या हातची होती म्हणून."

ठमाबाईंनी आतून विचारलं की पाणी गार झालं तर पाय काढायचे का, की बाईंचं बोलणं होईपर्यंत तसेच ठेवायचे.

"पुढच्या गुरुवारी नववीचा तास आहे," ती शेवटी म्हणाली. "एक किलो सोडा लागेल. पण मोजताना काट्याकडे पाहायचं."

"मग तुमच्याकडे कधी पाहू?"

तिनं डबा त्याच्या हातात दिला. आत तांदूळ खळखळले.

"मोजून झाल्यावर," ती म्हणाली. "मी थांबीन."