फुलदाणी

गेले तीन आठवडे ज्या माणसाचा कान उपटायची तिची इच्छा होती, तो आपल्या पायांनी तिच्या दुरुस्तीच्या दुकानात आला. कडेवर मूल घ्यावं तसा जुना स्पीकर घेऊन.

"याचा कागद फाटलाय," तो म्हणाला. "जरा जपून हं... बॅरन आहे."

"दिसतंय. आणि आपण?"

"मी संग्राहकांच्या मासिकात लिहितो. 'कानसेन' या नावानं."

तिनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. हातात राहिला असता तर ही प्रेमकथा झाली नसती.

कानसेनानं स्पीकरच्या दोन जुन्या मॉडेलांची तुलना छापली होती. बॅरन म्हणजे राजेशाही, खोल, गंभीर. आणि 'बारा नंबर'? "आवाजाला पोटच नाही. वर फुलदाणी ठेवायला उत्तम." झालं! एका वाक्यात बारा नंबरची अब्रू गेली. ज्यांनी तो कधी ऐकला नव्हता, ते तर जास्तच नाकं मुरडू लागले.

तिच्या बाबांनी कारखान्यात तीस वर्षं बारा नंबरच्या आतले कागदी शंकू हातानं चिकटवले होते. लेख वाचल्यापासून त्यांनी घरची जोडी लावली नव्हती. काल तर एकावर खरोखरच फुलदाणी आणून ठेवली.

"लिहिताना लाज नाही वाटली?"

"अहो, आठवडाभर ऐकून लिहिलंय!"

"कुठे?"

"घरी."

"चला. ऐकवा."

"आत्ता? पण माझा बॅरन..."

"राजेसाहेब बसतील इथे."

त्याच्या खोलीत बारा नंबरची जोडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना होती. त्यानं रेकॉर्ड लावली. आवाज खरंच पातळ, ताकात पाणी ओतल्यासारखा. तो जिंकल्यासारखा हसला असता तर बरं झालं असतं. पण तो चक्क ओशाळला. तिचा पारा आणखी चढला.

ती गुडघ्यांवर बसून मागे डोकावली. उजव्या स्पीकरला लाल तार लाल खुंटीत. डाव्याला... काळ्या.

"ही कुणी जोडली?"

"...मी."

"आणि बॅरन?"

"ते दुकानदारानं जोडून दिले होते."

"अहो कानसेन! एक पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय. खालचे सूर दोघांच्या भांडणात मेले... आणि नावं हे बनवणाऱ्या आमच्या बाबांना!"

तिनं तारा बदलल्या. खिडकीची काच थरथरली. तो जमिनीवरच बसला – तिच्या शेजारी, जरा जास्तच शेजारी – आणि कानापर्यंत लाल झाला.

"पुढच्या अंकात माफी छापतो."

"अंक येईल तेव्हा येईल. बाबा आज घरी आहेत."

बाबांनी दार उघडलं. त्यानं एका दमात सांगून टाकलं, "काका, तो लेख माझा. चूक माझी होती. तार उलटी जोडली."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठली?"

"डावी."

"गाढवं डावीच उलटी जोडतात." त्यांनी स्पीकरवरची फुलदाणी फुलापाण्यासकट उचलली आणि त्याच्या हातात दिली. "धरा." मग तीन आठवड्यांत पहिल्यांदाच बटण दाबलं.

तो फुलदाणी पोटाशी धरून उभा राहिला.

"बॅरनला किती दिवस लागतील?" तो कुजबुजला.

"दोन."

"जास्त... नाही का लागणार?"

"माझा राग अजून गेलेला नाही."

"मग रोज येऊन बघत जाईन... गेला का ते."

तिनं त्याच्या हातातल्या फुलदाणीतलं कलंडलेलं फूल सरळ केलं – हवं त्यापेक्षा सावकाश.

"गप्प बसा रे दोघं," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "खालचा सूर येतोय."