अशीमा कोण?

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली आणि त्याच्या हातातले कागदावरचे देव पायऱ्यांवर विखुरले.

"हा तुमचा तर्तक माझ्या पायाखाली आला," कागद उचलत ती म्हणाली.

"त्याला सवय आहे. कुणी विचारतच नाही बिचाऱ्याला..."

तो कोशवाला. यहुदी धर्मग्रंथांत परक्यांचे जे देव नुसते नावापुरते डोकावून जातात, त्यांचा कोश लिहायला छापखान्यात आलेला. ती त्याची प्रुफं तपासणारी. सगळे तिला शंकाताई म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. संशय हा तिचा स्वभाव होता आणि पोटापाण्याचा धंदाही. सरळ दिसणारी ओळ ती दोनदा वाचायची. सरळ दिसणारा माणूस... त्याहून जास्त.

मग तो रोज काही ना काही निमित्त काढून तिच्या टेबलाशी येऊ लागला.

"ही टिंबं कसली हो?"

"चुकून खोडलेल्या शब्दाखाली देतात. म्हणजे, राहू द्या."

"माणसांना देता येतात?"

"माणसं मी खोडत नाही... सहसा."

तो हसला की तिची पेन्सिल ओळीवरून घसरायची. तिला तो आवडायला लागला होता, आणि त्याचीच तिला धास्ती होती. इतकं गोड बोलणारा माणूस म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणार!

आणि मुरतच होतं. एका दुपारी तो खिडकीशी फोनवर बोलत होता.

"ताई, या अशीमाने झोप उडवलीय माझी. एकदा दिसते आणि गायब! सगळे रविवार तिच्यापायी गेले... नाही गं, आता तिला सोडणं शक्य नाही."

तिच्या मनात पाल चुकचुकली. बहिणीलाही माहीत आहे म्हणजे प्रकरण घरापर्यंत पोचलंय!

"रविवारी काय करता?" तिने दुसऱ्या दिवशी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एकीच्या मागे असतो," तो डोळे मिचकावत म्हणाला.

झालं! वरच्या मजल्यावर शालेय पुस्तकांकडे येतेस का, असं संपादकबाई कधीच्या विचारत होत्या. ती तडक गेली आणि हो म्हणून आली. टेबल आवरताना मात्र तिचे डोळे भरून आले.

"कुठे निघालात?" तो दारात उभा होता.

"वर. अशीमाला माझा नमस्कार सांगा."

"अशीमा? ती तुम्हाला कुठे भेटली?"

"तुमच्या फोनवर."

तो खो खो हसत सुटला. मग तिचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं.

"अहो, ती म्हणजे हमाथ नावाच्या जुन्या शहरातल्या लोकांचं दैवत. देवी की देव, तेही धड कळत नाही. अख्ख्या ग्रंथात एकदाच नाव येतं. आणि जुने पंडित म्हणतात, तिचं रूप म्हणजे... बोकड."

"बोकड?"

"टकला."

"दाखवा."

त्याने त्या पंडितांचा ग्रंथ आणला. तिने ओळ वाचली. पुन्हा वाचली. बोकड खरोखरच होता, आणि टकलाही होता. तो कोश शेवटाकडून लिहीत आलेला, त्यामुळे 'अ' तिच्या टेबलावर अजून पोचलाच नव्हता.

"म्हणजे मी एका बोकडावर जळत होते," ती पुटपुटली आणि जीभ चावली. बोलायचं नव्हतं ते बोलून गेली होती.

त्याने हलकेच हात टेबलावर टेकला. "एकदाच भेटलेल्या बोकडापायी मी रविवार घालवले. तू तर रोज भेटतेस... तू वर गेलीस तर माझं काय होईल?"

"तू?"

"चुकलं. दुरुस्त करतो. तुम्ही..."

तिने पेन्सिल उचलली आणि त्याच्या बोटांखालच्या कागदावर तीन टिंबं काढली.

"राहू दे," ती म्हणाली.

द्या नाही, दे! त्याच्या ते लक्षात आलं, कारण त्याचे कान लाल झाले.

एवढ्यात संपादकबाईंनी आत डोकावलं. "काय गं, टेबल कधी हलवायचं?"

"तेवढं राहू द्या, बाई."