रोकेस्पारचा चोरदरवाजा

रोकेस्पारच्या किल्ल्यावर आम्ही तिघं चढलो ते एक दार शोधायला. दार सापडलं की त्याच्या खाली कड्याच्या पायथ्याशी संगमरवरी पाटी बसणार होती, आणि त्या पाटीवर माझ्या आईच्या माहेरचा उद्धार होणार होता. मोहिमेचा हेतू एवढाच.

किल्ला पडून सातशे वर्षं झाली. राजाच्या फौजेनं वेढा घातला, पण भिंतीचा एक दगड हलला नाही. मग खालच्या 'ला कोंब' नावाच्या गावातल्या, किल्ल्यात आसऱ्याला असलेल्या माणसांनी फितुरी करून फौजेला चोरदरवाजा आतून उघडून दिला. आमच्या पेरग्रो गावात पोर बोलायला लागलं की आधी ही गोष्ट शिकतं. कड्यावरच्या भिंतीत, बुरुजाच्या खाली, दगडांनी बुजवलेली कमान लांबून दिसतेसुद्धा; आतून मात्र ते दार कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यावरून आमच्याकडे रीतच पडली : ला कोंबची मुलगी सून म्हणून आली तर तिच्या हाती घराची किल्ली द्यायची नाही.

माझी आई ला कोंबची. घराची किल्ली आधी आजीच्या कमरेला होती, नंतर ती लेओकादी आत्याच्या एप्रनच्या खिशात गेली. गावात कुणाचंही दार चुकून उघडं राहिलं की बाया आईकडे बघून हसायच्या. 'दारउघडी' म्हणायच्या तिला, तोंडावर. हे ऐकून बाप खाली मान घालून वाइन ओतून घ्यायचा. तो गेला, पण त्याच्यावरचा माझा राग गेलेला नाही.

निघताना आई बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "जातोयस तर नीट बघून ये सेवरँ. खरंच उघडलं होतं का ते."

आमचा म्होरक्या फुलक्रां. किल्ला समितीचा अध्यक्ष आणि बांधकामाचा कंत्राटदार. अर्ध्या गावाच्या भिंती त्याच्या हातच्या. दुसरी ब्लांदिन, टपालाची गाडी चालवणारी, जिभेला हाड नसलेली. मी रानडुकरांच्या मागे तो डोंगर पायाखाली घातलेला, म्हणून मला घेतलं. नाहीतर दारउघडीच्या पोराला कोण विचारतो?

जुनी गाडीवाट केव्हाच दरीत गेलेली. आम्ही धारेवरून निघालो. एका बाजूला भिंतीसारखा कडा, दुसऱ्या बाजूला थेट नदीपर्यंत काही नाही, आणि मधे बकरीला पुरेल एवढी पट्टी.

"फुलक्रां, पोट आत घे," ब्लांदिन मागून म्हणाली. "तू पडलास तर पाटीवर तुझंच नाव घालावं लागेल."

"तू आधी तोंड आवर. वाऱ्यानं उडशील."

वर पोचलो तेव्हा ऊन होतं. मी शिव्या घालत आलो होतो, पण तो किल्ला बघून शिव्या विसरलो, हे कबूल करतो. ज्यांनी तो बांधला त्यांना माणूस मारायची कला पुरती अवगत होती. वाट अशी वळवलेली, की भिंत सतत चढणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. ढाल डाव्या हातात, म्हणजे उजवी कूस बाणांना मोकळी. पहिल्या दरवाजाचं लाकूड गेलं, पण वरून लोखंडी जाळी सोडायच्या खाचा अजून बोटभर खोल आहेत. आतला चौकोनी बुरुज तीन मजले उभा होता. छप्पर नाही, मजल्यांच्या जमिनी नाहीत. नुसत्या तुळयांच्या खोबणी, आणि वरच्या भिंतीला चिकटलेली एक शेकोटी, जिच्यापुढे बसायला आता जागाच नव्हती.

तेवढ्यात समुद्राकडून ढग आले. पाऊस असा कोसळला की समोरचा माणूस दिसेना. आणि मग खालून आवाज आला. दगडांचा. मी धावत धारेकडे गेलो. पट्टी नव्हती! आम्ही ज्यावरून आलो ती सगळी वाट दरीत उतरली होती, आणि तिथं ओला, पिवळा कातळ चमकत होता.

त्या डोंगरात फोन लागत नाही. जवळ एक दोर, पहार, फावडं; खायला एक पाव आणि सॉसेज. वारा उभं राहू देईना.

फुलक्रां मात्र हसला. "घाबरता कशाला? चोरदरवाजा आहे ना. राजाचे लोक त्यातून आत आले, तर आपण बाहेर नाही का जाणार?"

ही चूक फक्त आमच्या गावचीच माणसं करू शकतात. दुसऱ्या कुणी आधी दोर कुठं बांधता येईल ते पाहिलं असतं. आम्ही बुरुजाच्या तळघरात उतरलो आणि खणत सुटलो. मीसुद्धा. त्या दाराला आयुष्यभर शिव्या दिल्या, पण ते नसेल असं माझ्याही डोक्यात आलं नाही. हातांनी, फावड्यानं, पहारीनं राडारोडा उपसला. पाणी पायांशी साचलं, मग गुडघ्यांशी. फुलक्रांनं शेवटचा दगड ओढला.

मागे कातळ होता. अखंड, डोंगराचा.

त्यानं पहार मारली. ठणठण वाजला. पुन्हा मारली, मग पुन्हा, वेड लागल्यासारखं. मी त्याचा हात धरला.

"फुलक्रां, पुरे. पाणी चढतंय."

वाट सापडली ती ब्लांदिनला. तळघरातून वर आल्यावर, भिंतीच्या जाडीत एक चौकोनी भोक, खाली उजेड.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सरदारांचा संडास," ती म्हणाली. "सातशे वर्षांत वास गेला असेल अशी आशा करू."

दोर तुळईच्या खोबणीत पहार अडकवून बांधला. आधी ब्लांदिन उतरली. मग मी. भोकातून बाहेर लोंबकळलो तर पायांखाली दरी, आणि वाऱ्यानं मला उचलून भिंतीवर आपटलं! दोर सरकला. हात सोलले. मी जे मिळेल ते धरलं, आणि धरलं ते नेमकं त्या कमानीच्या कडेला.

तोंडासमोर होती ती. बुजवलेली नव्हतीच. कमानीतले दगड आणि बाजूच्या भिंतीतले दगड एकाच थरात, एकमेकांत गुंतवून रचलेले. एकाच वेळी, एकाच हातानं. एक दगड निखळला होता. त्या फटीत मी कोपरापर्यंत हात घातला. आत तोच कातळ. खालच्या खडकात मोठी भेग होती, आणि भिंतीचा भार त्या भेगेवर पडू नये म्हणून ती कमान घातलेली. तिथं कधी कुणी दार केलं नव्हतं, मग उघडणार काय?

माझ्यामागून फुलक्रां उतरला. मी खालच्या कातळाच्या ओट्यावरून बघत होतो. तो तिथं थांबला, त्यानंही फटीत हात घातला. अशीच कमान त्यानं स्वतःच्या गोठ्याच्या पायात घातली आहे. मीच तेव्हा दगड उचलून दिले होते.

उतरलो ते ला कोंबच्या हद्दीत. मारियस नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळानं चिखलानं बरबटलेली तीन भुतं दारात बघितली, आत घेतलं, चेस्टनटचं गरम सूप वाढलं.

"पेरग्रोचे ना?" तो म्हणाला. "कुठून आलात? आमच्या दारातून?"

ब्लांदिन हसली. फुलक्रांनं वाडग्यात तोंड घातलं. मी त्याला म्हटलं, "आता गावात जाऊन सांगायचं." तो म्हणाला, "आधी अंग तर सुकू दे."

पाटी बसवायच्या दिवशी मैदानात लांब टेबलं मांडली होती. फुलक्रां पेला घेऊन उभा राहिला. "मंडळी, दार तिथं आहे. मी या हातानं चाचपलंय. आम्ही त्यातूनच खाली उतरलो."

टाळ्या पडल्या. मी उठलो. "खोटं बोलतोय हा. ती भार पेलणारी कमान आहे. मागे कातळ आहे. आम्ही संडासाच्या भोकातून उतरलो. ब्लांदिन, सांग ना!"

ब्लांदिन पावाचा तुकडा मोडत राहिली. "पाऊस होता रे सेवरँ. मला काही दिसलं नाही."

"आईच्या वळणावर गेलाय," कुणीतरी म्हणालं, आणि सगळं टेबल हसलं. आमचा जीव ज्या दोरावर टांगला होता तो दोर तिघांचा होता, हे मला त्या क्षणी फार लागलं. मी जेवण टाकून निघालो.

घरी आत्या खुर्चीत पेंगत होती. तिचा एप्रन खुंटीला होता. मी खिशातून किल्ली काढली आणि आईच्या हातात ठेवली.

"दार नव्हतंच तिथं," मी म्हणालो. "कधीच नव्हतं."

आईनं किल्ली मुठीत घेतली. मग उठली, घराच्या दाराशी गेली, किल्ली कुलपात घातली आणि फिरवली. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला. मी तेल आणून घातलं, तरी फिरेना.

आत्याला जाग आली. "काय करताय? अगं, ते कुलूप आमच्या वडिलांच्या वेळेपासून बिघडलंय. आपण कधी कुलूप लावतो का?"

आईनं किल्ली काढली, स्वतःच्या एप्रनला पुसली, आणि खुंटीवरच्या आत्याच्या एप्रनच्या खिशात होती तशी परत ठेवली. मग दार सताड उघडं टाकून ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली.