सत्ताविसाव्या पत्राची जागा

सकाळी अकराला अभिलेखागाराच्या संचालकांनी फौजदारांना फोन केला. युद्धभूमीवरून लिहिलेल्या पत्रांच्या पेटीतून सत्ताविसावं पत्र गायब होतं. उद्या इथल्या सभागृहाला एका दिवंगत कॅप्टनचं नाव द्यायचं होतं, आणि पेटीही त्याच्याच घरून आलेली. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

फौजदारांनी एकेक पत्र उचललं. सव्विसावं, मग कोऱ्या कागदाची पट्टी, मग अठ्ठाविसावं. पार तळाशी चष्म्याचं घर.

"हे कुणाचं?"

"कॅप्टनच्या मुलाचं," संचालक हळूच म्हणाले. "काल ते एकटेच पेटी बघत होते."

साठीचा मुलगा बाहेर तणतणत होता. "घर मी टेबलावर विसरलो. तो गुन्हा झाला का?"

"पत्रात तुमच्या वडिलांविरुद्ध काही होतं?"

तो जरा घुटमळला. "कुणाला दाखवू नका, असं मी संचालकांना सांगितलं होतं. पण चोरलं नाही."

पेटीची यादी करणाऱ्या बाई इथं पंचवीस वर्षं होत्या.

"काय होतं त्या पत्रात?" फौजदारांनी त्यांना विचारलं.

"'साहेब होती ती एकच गाडी घेऊन निघून गेले. आम्ही अकरा जखमी मागं राहिलोय. छकुलीला दात आला का, ते कळव.'"

"पाठ आहे?"

"कामच आहे ते."

"मग सव्विसावं सांगा."

"आठवत नाही."

"आणि ही पट्टी?"

"कागद काढला की जागी पट्टी ठेवायची. नाहीतर परत भलतीकडेच जातो."

फौजदारांनी तिघांना समोर बसवलं.

"विसरलेली वस्तू वर राहते. हे घर सगळी पत्रं उचलून तळाशी ठेवलंय. बरं, चोर कधी चोरलेल्या वस्तूची जागा राखून ठेवतो का? पट्टी ठेवली ती पंचवीस वर्षांच्या सवयीनं. आणि सगळ्यांत तेवढंच पत्र पाठ. बाई, ती छकुली तुम्हीच ना?"

बाईंनी मान खाली घातली नाही.

"हो. जवानांची पत्रं कॅप्टन आधी वाचायचा. माझ्या बाबांचं हे शेवटचं पत्र त्यानं दाबून ठेवलं. आई मरेपर्यंत पोस्टमनची वाट बघत होती. उघड करा म्हणून मी संचालकांच्या हातापाया पडले. मग म्हटलं, बापाचं नाव लागणारच आहे, तर मुलाला तरी चोर ठरवू. सूड हवा होता मला. अजून हवाय."

बाईंनी आपल्या टेबलाचा खण उघडला. दोन टिपकागदांमध्ये पत्र होतं. त्याचा कोपरासुद्धा दुमडला नव्हता.

संचालकांचा जीव भांड्यात पडला. "मिळालं ना? मग तक्रार मागे घेतो. घरातली गोष्ट घरातच राहू दे." मुलानं लगेच मान डोलावली.

"नाही," बाई म्हणाल्या. "साहेब, मला अटक करा. पत्र मुद्देमालात घ्या आणि मजकूर शब्दन् शब्द पंचनाम्यात उतरवा."

मुलाचा चेहरा पडला.

"नोकरी जाईल," फौजदार म्हणाले.

"जाऊ दे."

फौजदारांनी बाईंकडे पाहिलं, मग मुलाकडे. शिपायाला त्यांनी वाचनकक्षातून दोन पंच आणायला पाठवलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"तुम्हीच वाचा. मोठ्यानं. पंचांना नीट ऐकू गेलं पाहिजे."

बाईंनी चष्मा पुसला, पत्र दोन्ही हातांत धरलं आणि वाचायला सुरुवात केली, "छकुलीच्या आईस..."