उडीखेळाचा नवलांक

त्या वर्षी जगातले तेवीस खेळप्रकार 'भरलेले' होते. हा शब्द अधिकृत नोंदवहीतला. ज्या प्रकारात यापुढे कोणालाही नवं वाटेल असं काही करता येणार नाही, असं मोजून ठरलं आहे, तो प्रकार भरलेला. त्यातले जुने व्हिडिओ गेम लोक खुशाल खेळत. नवा मात्र कोणतीही वितरण कंपनी हाती घेत नसे. मोटारशर्यती सहा वर्षांपूर्वी भरल्या, गोळीबाराचे खेळ त्यानंतर वर्षभरात. आता पाळी उडीखेळाची होती. पडद्यावरचं एक छोटं पात्र खड्डे आणि फळ्या ओलांडत, उड्या मारत पुढे जातं, तो उडीखेळ.

कोल्हापूरच्या सुरेखा मगदूम यांनी बावीस वर्षांत चौदा उडीखेळ केले होते. पंधरावा, 'गवा', पुण्याच्या नवलमापन केंद्रात तपासणीला आला होता. त्यात गव्याचं वासरू उडी मारतं तेव्हा त्याची सावली मागे हवेत राहते आणि परतीच्या वाटेवर तीच पाय ठेवायची फळी होते. मगदूमबाईंना ही कल्पना सुचायला एक क्षण लागला होता आणि नीट बसवायला पाच वर्षं.

"बेस हाय, ताई," डोक्यावरची तारांची टोपी काढत चौगुले म्हणाले. ते मूळचे कागलचे आणि केंद्राच्या स्थापनेपासून तिथले चाचणीखेळाडू. मगदूमबाईंचा प्रत्येक खेळ सर्वांत आधी त्यांनीच खेळला होता. "पण पहिली सावली दिसली आणि पुढचं सगळं कळलंच की."

"कसं कळलं?"

"ते मला इचारू नका. अंगठ्याला कळतंय. मी नुसता बसतोय."

काचेपलीकडे डॉ. निस्सीम पेणकर आकडे पाहत होते. नवलांक ही त्यांचीच कल्पना. मेंदू पुढच्या क्षणाचा अंदाज सतत बांधत असतो. तो चुकला की एक विशिष्ट विद्युत लहर उठते आणि टोपीला ती टिपता येते. पण नुसतं चुकणं म्हणजे नवल नव्हे. पडद्यावर अचानक काहीही दाखवलं तरी अंदाज चुकेलच. अंदाज चुकावा आणि पुढच्याच क्षणी 'अरे, खरंच की' असं वाटावं, तर ते नवल. दर शंभर अंदाजांमागे अशी किती नवलं, तो नवलांक. एखाद्या प्रकारात सलग साठ खेळांचा नवलांक पाचाच्या खाली राहिला की तो प्रकार भरला. 'गवा' हा साठावा होता.

"तीन पूर्णांक एक दशांश," पेणकर बाहेर येऊन म्हणाले. "मला वाईट वाटतं, मगदूमबाई. पण हे गणित आहे. माणसाच्या मनात एका वेळी चार-पाच गोष्टी मावतात. तेवढ्यात बसतील अशा उड्यांच्या रचना मोजक्याच आहेत. त्या संपल्या."

"डॉक्टर, तुमचे हे दहा खेळाडू कधी बदलले?"

"बदलले नाहीत. मुद्दामच नाही बदलले. मोजपट्टी मध्येच बदलली तर आधीची सगळी मापं निकामी होतात."

"मग पट्टी वाढली की हो! बावीस वर्षांत या दहा जणांनी नऊ हजार उडीखेळ खेळलेत. उडीखेळ भरला का चौगुलेदादा भरले?"

"मी कवाच भरलोय," चौगुले म्हणाले. "सोडा आता, चहाची वेळ झाली."

पेणकर हसले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढली आणि बाईंचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. त्या संध्याकाळी त्यांनी निकाल रोखून धरला.

शंका तपासायला न खेळलेली माणसं हवी होती. दोन वर्षांच्या पोरालाही उडीखेळ खेळता येई अशा त्या काळात ती मिळेनात. चार महिन्यांच्या शोधानंतर बावीस जण सापडले, बहुतेक सत्तरी ओलांडलेले. त्यांतल्या अकरा जणांवर 'गवा'चा नवलांक आला एकाहत्तर.

पेणकरांनी स्वतः फोन करून आकडा सांगितला. मगदूमबाईंच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. दोन दिवसांनी पेणकरांचा दुसरा फोन आला. उरलेल्या अकरा जणांना त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीचा एक अगदी साधा उडीखेळ दिला होता. सावल्या नाहीत, गवा नाही. नवलांक एकाहत्तर.

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे तुमची शंका बरोबर होती. नवल खेळात नसतं, खेळणाऱ्याच्या न खेळण्यात असतं. आणि ते तयार करता येतं."

त्यांनी तयार केलेल्या पद्धतीला कोरेकरण असं नाव पडलं. आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा ती आठवण मेंदूत काही तास मऊ होते आणि मग पुन्हा घट्ट बसते. त्या मधल्या काळात एक औषध दिलं तर ती घट्ट होत नाही, विरून जाते. माणसाला दिवसभर उडीखेळ दाखवायचे, मग औषध द्यायचं. असं सहा वेळा केलं की उडीखेळापुरता माणूस कोरा. बाकी सगळं शाबूत: नाव, गाव, घरची माणसं, पोहणं, पाढे.

पहिले स्वयंसेवक चौगुले होते. त्यांनी 'गवा' पुन्हा खेळायला घेतला तेव्हा मगदूमबाई शेजारी बसल्या होत्या. पहिल्या खड्ड्यात वासरू तीन वेळा पडलं. चौथ्यांदा परत वळताना चौगुल्यांना हवेत थांबलेली सावली दिसली. त्यांनी बिचकत तिच्यावर पाय टाकला आणि खुर्चीतून अर्धे उठले.

"आयला! ताई, हे बघा की! सावलीवर उभारलंय ते!"

"हो, दादा."

"असलं काय आजवर बघितलंच न्हाई मी. कुणी केलंय हे?"

मगदूमबाईंनी बावीस वर्षं या वाक्याची वाट पाहिली होती. त्या म्हणाल्या, "मीच केलंय."

"तुम्ही खेळ करता?" चौगुल्यांनी आदरानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ते पडद्याकडे वळले.

उडीखेळ नोंदवहीत खुला राहिला. सहा महिन्यांत इतर तेवीस प्रकारही खुले झाले. कोरेकरणासाठी नोंदणी करणाऱ्यांची संख्या कोटीत गेली. वितरण कंपन्यांनी 'गवा' घेतला नाही. कोऱ्या खेळाडूला पन्नास वर्षांपूर्वीचा खेळही तितकाच नवा होता, आणि तो आधीच तयार होता.

"मी सोळावा खेळ का करायचा, ते सांगा," मगदूमबाई पेणकरांना म्हणाल्या. राग नव्हता त्यात, चौकशी होती.

"जगाला गरज नाही," पेणकर म्हणाले. ते खोटं बोलत नसत. "तुम्हाला आहे का?"

"माझ्या खेळातला प्रत्येक खड्डा मला पाठ आहे. दादा खुर्चीतून उठले ना, तसं मला शेवटचं कधी झालं, आठवत नाही."

पेणकरांनी खणातून एक अर्ज काढला. "निर्मात्यांसाठी वेगळा आहे. तुमची हुशारी जाणार नाही. फक्त हे सगळं पुन्हा पहिल्यांदा सुचेल."

"म्हणजे सावलीसुद्धा?"

"बहुधा तीच सुचेल. मेंदू तोच आहे. पाचेक वर्षं लागतील."

"आणि ती आधी सुचली होती, हे मला कळणार नाही."

"नाही."

अर्ज एका पानाचा होता. मधोमध एक रकाना: पुसायच्या खेळांची नावं, निर्मितीच्या क्रमाने. नाव राहून गेलं तर तो खेळ आठवणीत राहील, अशी तळटीप होती. मगदूमबाईंनी पेन मागून घेतलं. चौदा नावं त्यांनी न अडखळता लिहिली; तिसऱ्या आणि चौथ्याचा क्रम चुकला होता, तो बाण काढून दुरुस्त केला. पंधराव्या ओळीवर पेन टेकवून त्या थांबल्या. पेणकरांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

मग कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. नाव दोनच अक्षरांचं होतं.